रकाना सातवा

ऐरोली सोडली तेव्हा साडेसहा झाले होते.
येझ्दी एकोणचाळीसच्या पुढे गेली की डावा आरसा थरथरतो
आणि मागचं जग दोन-दोन दिसतं,
म्हणून एकोणचाळीस.
निवृत्त माणसाला घाई कुठली,
बारवीचं धरण काही पळून जात नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी माणसांचे गोपनीय अहवाल लिहिले.
हजेरी, कौशल्य, शिस्त वगैरे,
आणि सातव्या रकान्यात : स्वभाव.
जागा बोटभर. शाई कंपनीची.
भरवशाचा. तोंडाळ. कामापुरता.
काथोड मढवीपुढे मी लिहिलं, संथ.
त्याची बढती तीन वर्षं
त्या दोन अक्षरांखाली दबून राहिली.

बदलापूर मागे पडलं की रस्ता जरा सैलावतो.
भात कापून झालंय, उडव्या रचल्यात,
खाचरात राहिलेल्या ओलीवर
वालाने दोन-दोन पानं काढलीत.
एकोणचाळीसने जाणाऱ्याला सगळेच ओलांडतात
आणि ओलांडताना आपापली सही करून जातात.
एक टेम्पो, झोपलेल्या मुलाच्या पायांवरून जावं तसा,
लांबून, हॉर्न न वाजवता.
एक पोरगा कट मारून गेला,
मग आरशात बघितलं त्याने, मी बघतोय का.
एक बाई, स्कूटीला दुधाच्या किटल्या,
"ओ काका, स्टँड!" ओरडली,
मी पायाने स्टँड वर घेईपर्यंत वळणापार.
तिच्यापुढे काय लिहू?
नाव नाही, हजेरी क्रमांक नाही.
सवयीने खिसा मात्र चाचपला, पेनासाठी.

धरणापुढच्या टपरीवर वाट विचारली.
एकाने जवळची सांगितली, एकाने चांगली.
तिसऱ्याला माहीतच नव्हती,
पण मला रिकाम्या हाताने पाठवणं जिवावर आलं त्याच्या,
म्हणून त्यानेही एक सांगितली.
मी नेमका तीच धरली.
ती एका खळ्यात संपली.
झोडणी थांबवून खळेवाला म्हणाला, "बाळक्याने धाडलं ना?"
आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.
मग म्हणाला, मुरबाडला चाललाच आहात
तर म्हाताऱ्याला घेता का.

मागे बसलेल्याचा चेहरा दिसत नाही,
नुसतं वजन कळतं.
कमळूबाबा फटफटीवर दुसऱ्यांदाच बसत होता.
वळणावर मी कललो, तो कलला.
मी सरळ झालो, तो सरळ.
खांदा धरला नाही, काही विचारलं नाही.
इतकी वर्षं टेबलापलीकडे बसवून मी माणसं तपासली,
पाठीमागे कुणाला घेतलं नव्हतं.

बसलो होतो मी मागे, एकदाच.
संपाच्या वर्षी, गेटवर दगड पडत होते तेव्हा
काथोडने मागच्या दाराने काढलं मला
आणि राजदूतवर घालून
खाडीच्या बांधावरून घरी आणलं.
एकीकडे चिखल, एकीकडे मिठागराचं पाणी,
आणि प्रत्येक वळणाला मी उलटा कलत होतो,
भीतीने, बाहेरच्या बाजूला.
तो काही बोलला नाही.
गाडी हळू केली.
मग अजून हळू.
दारात उतरवून म्हणाला,
"परले नाय ना सायेब? मंग झाला."

अहवाल मी त्याच मार्चमध्ये लिहिला.

मुरबाडच्या नाक्यावर कमळूबाबा उतरला.
बैलाच्या पाठीवर मारावी तशी
टाकीवर एक थाप मारली,
"गुणाची हाय," म्हणाला. गाडीला.
माझ्याविषयी काही बोलला नाही,
आणि मीही विचारलं नाही.

काथोड आता घणसोलीच्या गावठाणात असतो म्हणे,
गुडघे गेलेत, पाहतो-ऐकतो बरा.
महाप्यावरून परतताना डाव्या हाताला एक वळण आहे.
घ्यायचं का, ठरलेलं नाही.
एकोणचाळीसने अजून दोन तास आहेत.